डाव्या पंखावरचा ओढा

विमानाला रंग द्यायला कणीक लागते, हे मला कुणी शिकवलं नाही. तेलाची नाही, मिठाची नाही, नुसत्या पाण्यात घट्ट भिजवलेली कणीक. लग्नाच्या वळवटाला बायका हातावर बारीक शेवया वळतात ना, तशी तिची वळी करायची आणि जिथं हिरवा संपून मातीचा रंग सुरू होतो त्या रेघेवर चिकटवायची. मग स्पंजाच्या तुकड्यानं रंग टिपत जायचं. वळी उचलली की खाली जी कड राहते ती धारदारही नसते आणि फिसकटलेलीही नसते. खऱ्या विमानाची असते तशी असते. हे सगळं मी माझ्या ओट्यावर, माझ्या डोक्यानं शोधून काढलं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढं हे काम कुणाच्या नावावर गेलं ते ऐकलं की वाटेल, बाई उगीच आग पाखडते.

आमचं घर जळकोटला, हायवे सोडून थोडं आत. मी नळदुर्गच्या एका शाळेत चित्रकला शिकवते, रोज स्कुटीवर जाऊन-येऊन. लग्न मोडून माहेरी आले त्याला बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून घरात दोघंच, अण्णा आणि मी. अण्णा म्हणजे माझे वडील. हवाई दलात होते. वैमानिक नव्हतो, हे ते स्वतःच आधी सांगून टाकायचे. विमानं उडवणारे वेगळे, विमानं उडायला तयार ठेवणारे वेगळे, आणि अण्णा दुसऱ्यांतले. माझा धाकटा भाऊ पुण्यात कंपनीत आहे. तो सणाला येतो, आणि एरवी फोनवरून मला अण्णांची काळजी कशी घ्यायची ते सांगतो.

अण्णांची एक गोष्ट आम्ही दोघांनी लहानपणापासून इतकी ऐकली होती की आम्हाला ती पाठ होती. एकाहत्तरच्या लढाईच्या तोंडावरची. तोवर त्यांच्या तळावरची विमानं चांदीसारखी चकचकीत होती. उन्हात उभी असली की कोसावरून दिसायची. मग हुकूम आला, सगळी झाकून टाका, रंग मारा, वरून बघणाऱ्याला विमान दिसायला नको, रान दिसलं पाहिजे. रंगाचे डबे आले, पण कुंचे पुरेनात. मग पोरांनी काठीला पोतं गुंडाळलं, झाडू घेतले, आणि सरळ सारवायला घेतल्यासारखं काम सुरू केलं. साहेब खडूनं रेघा मारून द्यायचे, आत हिरवा आणि बाहेर मातीचा रंग भरायचा. घाई एवढी की दोन विमानं एकसारखी झाली नाहीत. अण्णांच्या वाट्याच्या विमानाला डाव्या पंखावर रेघा मारायच्या राहून गेल्या आणि साहेब पुढं निघून गेले. अण्णांनी मग आपल्याच मनानं रेघ मारली. आमच्या रानाच्या कडेनं जो ओढा जातो, आंब्याशी वळतो, पुन्हा सरळ होतो आणि बांधाजवळ एकदम पोट काढतो, तो ओढा त्यांनी त्या पंखावर हिरव्यानं काढला. विशी नुकती ओलांडलेला पोरगा, घरापासून हजार मैल लांब. कुणाला कळलं नाही. विमान लढाईत जाऊन परत आलं, ओढ्यासकट.

त्या विमानाचा फोटो होता म्हणे, पण बदल्यांच्या सामानात तो कुठं गेला कुणास ठाऊक. मी इंटरनेटवर पुष्कळ शोधलं. तसली विमानं सापडली, ओढा काही सापडला नाही.

मागच्या दिवाळीला धाकटा आला तो एक खोकं घेऊन. आत त्याच जातीच्या मिग विमानाचे प्लास्टिकचे सुटे भाग होते, करड्या रंगाचे, चौकटींना चिकटलेले. खोकं त्यानं आणलं, हे मी कधी नाकारलं नाही. अण्णांनी खोक्यावरून हात फिरवला, हसले, आणि बाजूला ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी धाकटा त्यांना सोलापूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. अण्णांना बरेच दिवस नीट दिसत नव्हतं, पण घर-अंगण पायाखालचं, त्यामुळं चालण्या-फिरण्यात कुठं अडत नव्हतं. संध्याकाळी दोघं परत आले, धाकट्यानं थेंबांची बाटली माझ्या हातात दिली आणि सांगितलं की नंबर वाढलाय, नजर हळूहळू कमी होत जाईल, पण अजून दोन-चार वर्षं तरी काळजी नाही. भाऊबीज झाली, तो गेला. खोकं कपाटावर तसंच पडून राहिलं.

थेंब मी रोज घालायचे, सकाळी आणि रात्री. अण्णा मान मागं टाकून बसायचे, मी पापणी वर करायचे. एक दिवस तसेच बसले असताना म्हणाले, माझी बोटं आता थरथरतात, ते विमान तूच का जोडत नाहीस. मला तेवढंच हवं होतं. अण्णांची नजर जायच्या आत त्यांचं विमान त्यांच्या डोळ्यांपुढं धरायचं, ओढ्यासकट, एवढं मी मनाशी ठरवून टाकलं. आयुष्यात बाकी काही धड जमलं नव्हतं, हे तरी जमावं असं वाटत होतं.

जोडणं सोपं गेलं. फटी बुजवल्या, घासलं, मग मोटारसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो चांदी रंगाचा स्प्रे आणून सगळं विमान चांदीचं केलं. त्याची खरं म्हणजे गरज नव्हती, वरून सगळं झाकलंच जाणार होतं. पण अण्णांनी हट्ट धरला की खरं विमान आधी चांदीचं होतं, तर हेही आधी चांदीचंच पाहिजे. पोटाखाली चांदी तशीच ठेवायची, लढाईच्या घाईत खाली रंगवायला वेळ कुणाला होता, असंही त्यांनी सांगितलं.

खरा घोळ हिरव्याचा झाला. मी दुकानातला हिरवा घेतला, त्यात काळा घातला, थोडा पिवळा घातला, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मारून अण्णांना दाखवला. ते दारात खुर्ची टाकून उन्हात बसले, तुकडा नाकाला लागेल इतका जवळ घेतला, तिरपा केला, आणि म्हणाले, उजळ आहे, काळपट कर. मी काळपट केला. मग म्हणाले, यात माती कमी आहे. मी माती घातली. मग म्हणाले, आता मेलेला दिसतोय. शाळेत पोरांच्या वह्या तपासताना माझ्या नखांत हिरवा असायचा. माझं डोकं सणकायचं, पण मजाही वाटायची. एवढं बारीक बघतात म्हणजे नजर अजून शाबूत आहे, असं मी स्वतःलाच सांगायचे. शेवटी एक दिवस त्यांनी तुकडा दोनदा उलटसुलट केला आणि म्हणाले, हा. बस. मी तो रंग बाटलीत भरून झाकण पक्कं लावलं.

मग कणकेचं सुचलं. आधी खडूनं रेघ मारून पाहिली, चिकटपट्टी लावून पाहिली, कड सगळी वस्तऱ्यानं कापल्यासारखी यायची. एके रविवारी चपातीची कणीक मळता मळता हाताला वळी आली आणि डोक्यात लख्ख झालं. पहिल्या दिवशी फजितीच झाली. ती चपातीचीच कणीक होती, तेल घातलेली. तिचं तेल विमानाला लागलं आणि त्यावर हिरवा धरेच ना, थेंब थेंब होऊन गोळा व्हायचा. सगळं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी बिनतेलाची केली, कड सुरेख आली, आणि वाळायला म्हणून विमान फडताळात ठेवलं तर सकाळी त्याला मुंग्या लागलेल्या. ओल्या रंगावरून चालत जाऊन कणीक कुरतडत होत्या. मी कपाळाला हात लावला. अण्णा तर हसून हसून खोकायला लागले. शत्रूनं जे केलं न्हाय ते मुंग्यांनी केलं, म्हणाले, आणि तुझी आई असती तर तिनं याची खीर केली असती. त्यानंतर मी विमान पाण्याच्या परातीत वाटी पालथी घालून त्यावर ठेवायला लागले, लोणच्याची बरणी ठेवतात तसं.

डावा पंख मी सगळ्यात शेवटी घेतला. त्यासाठी रानात जाऊन ओढ्याच्या बांधावर उभी राहिले, वहीत वळण काढून घेतलं. घरी आले तर अण्णा म्हणाले, वही कशाला. त्यांनी माझं बोट धरलं आणि टेबलावर ओढा काढून दाखवला. आंबा, सरळ, पोट. माझ्या वहीशी तंतोतंत जुळला. मी तसाच वळीनं बांधून घेतला.

विमान पुरं झालं ते संक्रांतीच्या सुमारास. मी त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी ते दारातल्या उजेडाकडं नेलं, वर धरलं, खाली केलं, पंखावरून अंगठा फिरवला. मी विचारलं, दिसतंय ना नीट.

"हेच," अण्णा म्हणाले. "हेच माझं विमान, माय."

मी आत जाऊन रडले. लपवायचं काय त्यात. केल्या कामाची अशी पावती मला आजवर कुणी दिली नव्हती, नवऱ्यानं नाही, शाळेनं नाही.

सव्वीस जानेवारीला गावानं माजी सैनिकांचा सत्कार ठेवला. धाकटा आदल्या दिवशी पुण्याहून आला. विमान पाहिलं, चाट पडला, दोन्ही बाजूंनी फोटो काढले, अक्का, हे तू कसं केलंस म्हणाला. मी त्याला कणकेचं सांगितलं, तर हसला. अण्णांनी विमान बरोबर न्यायचं ठरवलं. मला माझ्या शाळेचं झेंडावंदन चुकवता येत नव्हतं. मी म्हणाले, तुम्ही पुढं व्हा, मी तिथून थेट येते.

नळदुर्गहून परत यायला उशीर झाला. मैदानाच्या फाटकाशी स्कुटी लावत होते तेव्हाच कर्ण्यातून अण्णांचा आवाज आला. माईक पहिल्यांदा हातात आल्यासारखा ते मोठ्यानं बोलत होते. चांदीची विमानं, झाडू, साहेबांचा खडू, सगळं चाललं होतं. मी हेल्मेट हातात घेऊन तशीच उभी राहिले. ओढ्याची गोष्ट झाली, टाळ्या पडल्या. मग ते म्हणाले:

"आन हे विमान माझ्या लेकानं केलंय. पुण्यातली नोकरी सांभाळून, बापासाठी."

मला वाटलं, चुकून बोलले. आता सुधारतील, म्हणून मी थांबले. अण्णांनी माईक धाकट्याकडं दिला. पांढरा शर्ट, गळ्यात शालीचं टोक. तो म्हणाला की अण्णांच्या आठवणींपुढं हे काहीच नाही, मी फक्त एअरब्रशनं थोडंफार रंगवलंय. एअरब्रश. आमच्या घरात रंग फवारायचं ते यंत्र कुणी डोळ्यांनी पाहिलेलंसुद्धा नाही. पुन्हा टाळ्या पडल्या. बायकांच्या सतरंजीवरून आमची शेजारीण मागं वळली, मला पाहून हसली आणि म्हणाली, "भाऊ लई गुणी हाय गं तुझा." मी व्हय म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते, चारचौघांत.

घरी आल्यावर मी ताटं वाढली नाहीत. दोघं जिलेबीचा पुडा सोडून बसले होते. मी उभ्या उभ्याच विचारलं, हे काय बोललात तुम्ही. धाकटा जिलेबी हातात धरून म्हणाला, मी नको म्हणत होतो, अण्णांनीच आधी तसं ठरवलं. मी त्याला म्हणाले, तोंड होतं ना तुला, माईकही होता. तो खाली बघायला लागला. त्याला मी कडेवर घेऊन वाढवलाय, त्याची खाली बघण्याची रीत मला चांगली माहीत आहे. ऐकून घ्यायचं आणि मिळालेलं सोडायचं नाही.

अण्णा मात्र शांत होते. त्यांनी मला जवळ बसायला सांगितलं, मी बसले नाही.

"तुझं काय, माय, तू घरातलीच हायस," ते म्हणाले. "तुला अख्खा गाव वळखतो. त्याला कोण वळखतं? उद्या म्या नसंन. त्याला हितं यायचंय, रान बघायचंय, चार लोकांत बसायचंय. लोकांनी म्हणावं की ह्यो त्यांचा ल्योक. खोकं त्यानंच आणलं हुतं की."

केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं. आवाज न चढवता, मायेनं, जिलेबीच्या वासात. माझं नाव त्यांनी घेतलं असतं तर धाकट्याचं काय गेलं असतं? काही नाही. पण गावात मिरवायला त्यांना लेक चालणार नव्हती, त्यातून नवऱ्याचं घर सोडून आलेली. तेवढं ते बोलले नाहीत, इतकंच. मी म्हणाले, थेंब घालायलाही त्यालाच बोलवा पुण्याहून. आणि आत निघून गेले. रात्री थेंब मीच घातले, ते सोडा.

धाकटा जाताना म्हणाला, विमान मी पुण्याला नेतो, काचेच्या पेटीत ठेवतो, इथं धूळ बसेल. अण्णांनी हो म्हणून टाकलं. पण मैदानावर कुणा पोराटोराच्या हातात देताना नाकापुढची सुईसारखी दांडी मोडली होती. तशी मोडकी कशी न्यायची. अण्णांनी मला सांगितलं, तेवढी दांडी जोडून ठेव, तो पुढच्या रविवारी येऊन घेऊन जाईल. सांगताना त्यांना काही वाटलं नाही. शिवायला ब्लाऊज टाकतात तसं सांगितलं.

मी दांडी जोडली. काम आहे ते करायचं. सुई कापून तिथं बसवली, आधीच्यापेक्षा सरळ बसली. मग विमान हातात घेऊन बसले आणि माझं मन एकदम पलटलं. खोकं त्याचं, बरोबर. मग खोक्यात जे आलं तेवढं त्यानं न्यावं. रंग माझा आहे.

कोरोनाच्या वेळचा सॅनिटायझरचा मोठा डबा मोरीत पडून होता. मी तो विमानावर ओतला आणि जुन्या टूथब्रशनं घासायला लागले. आधी हिरवा सुटला. इतके दिवस कालवलेला, काळपट, माती घातलेला हिरवा पाण्यासारखा मोरीत वाहून गेला. मग मातीचा रंग गेला. खालचा सायलेन्सरचा चांदी पक्का होता, त्याला धक्का लागला नाही. ओढ्याशी आल्यावर हात जरा थांबला, खोटं का बोला. मग तोही घासला. चाकाच्या खाचेत कणकेचा एक वाळलेला दाणा अडकून राहिला होता, तो टाचणीनं काढला. पुसून ठेवलं तेव्हा विमान लढाईच्या आधी होतं तसं झालं होतं, नुसतं चांदीचं, झगझगीत. मला पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. उलट त्या आठवड्यात मला झोप चांगली लागली.

रविवारी धाकटा आला. चहा झाला. अण्णा दारातल्या खुर्चीत होते, तो समोर पायरीवर बसला होता. मी फडताळातून विमान आणलं. ऊन त्याच्यावर पडलं आणि भिंतीवर कवडसा पडला. धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. मी मुद्दाम त्याच्याकडं न बघता विमान अण्णांच्या ओंजळीत ठेवलं आणि म्हणाले, "घ्या. तुमच्या लेकाचं विमान."

आता भडकतील, आता विचारतील काय केलंस हे, म्हणून मी कमरेला पदर खोचून उभी होते. काय बोलायचं ते सगळं आठवडाभर घोकून ठेवलं होतं.

अण्णांनी आधी दांडीला बोट लावलं. चांगली बसलीय म्हणाले. मग विमान उजेडाकडं नेलं, नेहमीसारखं वर धरलं, खाली केलं, नाकाजवळ घेतलं.

"मागल्या टायमाला हिरवा जरा उजळ हुता," ते म्हणाले. "पुन्हा हात मारलास जनू. आता जमला बघ."

हिरव्याचा एक ठिपका त्या विमानावर नव्हता. त्यांचं बोट डाव्या पंखावर आलं. कोऱ्या चांदीवरून ते बोट सावकाश निघालं, आंब्याशी वळलं, सरळ झालं, बांधाजवळ पोट काढून पंखाच्या कडेला जाऊन थांबलं. जिथं मी रेघ बांधली होती बरोबर तिथून, केसभरही इकडं-तिकडं नाही. ओढा लई बेस आला, म्हणाले.

मी धाकट्याकडं वळले. त्याचा चेहरा उतरला होता, पण अण्णांना दिसत नाही याचं त्याला नवल वाटलेलं नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं होतं. गप्प राहा म्हणून मला खुणावत होता.

मी त्याला मागच्या अंगणात नेलं. दंडाला धरून नेलं. विचारलं, कधीपासून माहीत आहे तुला. तो म्हणाला, दिवाळीपासून. सोलापूरच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, काचबिंदू फार पुढं गेलाय, आता उजेड आहे की अंधार एवढंच कळणार, तेही किती दिवस सांगता येत नाही. थेंब नुसते दुखू नये म्हणून.

"अण्णांनी शपथ घातली, अक्का. म्हणाले, विमान तिच्याच हातनं व्हावं, आन तिला कळलं तर ती करायची न्हाय."

म्हणजे मी पहिला हिरवा कालवला त्याच्याही आधीपासून. उजळ आहे, काळपट कर, माती कमी आहे, मेलेला दिसतोय. उन्हात बसून, तुकडा तिरपा करून. मी रोज त्या पापण्या माझ्या हातांनी वर करत होते, त्या डोळ्यांत थेंब टाकत होते, आणि मला, चित्रकलेच्या बाईला, हे दोघं मिळून दिसतंय म्हणून दाखवत होते. का, तर म्हणे माझ्यासाठी. माझा हिरमोड होऊ नये म्हणून. मी त्याला म्हणाले, माझं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा एवढी माझी काळजी कुठं गेली होती रे तुमची. तो रडायला लागला. मला रडू आलं नाही. मला नुसता राग येत होता, आणि त्यातला अर्धा कुणावर काढावा ते कळेना, कारण ज्याच्यावर काढायचा तो दारात बसून कोऱ्या पंखावर आपला ओढा बघत होता. त्यांना आता सांगायचं तरी काय. तुमचं विमान मी धुऊन टाकलं म्हणून?

हेच माझं विमान, असं ते संक्रांतीला म्हणाले होते. ते वाक्य मी जपून ठेवलं होतं, तेही हातचं गेलं. कशाकडं बघून म्हणाले होते ते, आता त्यांनाच ठाऊक.

धाकटा विमान न घेताच गेला. अण्णांना त्यानं सांगितलं की इथंच राहू द्या, तुमच्या जवळ. अण्णांना ते फार आवडलं, किती समजूतदार म्हणून मला दोनदा सांगून झालं.

विमान आता बैठकीत टीव्हीशेजारी असतं. कुणी आलं की अण्णा ते मांडीवर घेतात आणि दाखवत बसतात. हा हिरवा बघा, ही माती, हा आमच्या रानातला ओढा. बोट बरोबर फिरतं. आलेला माणूस विमानाकडं बघतो, मग माझ्याकडं बघतो. मी नुसती मान हलवते आणि तो समजून गप्प बसतो. गावातली माणसं चांगली आहेत, अजून कुणी बोललेलं नाही. पण काहीतरी विचारायचं म्हणून कुणीतरी विचारतंच की अण्णा, एवढं बारीक काम केलं कुणी.

"माझ्या लेकानं," अण्णा म्हणतात. "चहा ठेव गं, माय."